शेवट ठाऊक असलेला सिनेमा

'खिडकीतून' : सिनेमाविषयी वाचकांचे प्रश्न, एका जुन्या प्रोजेक्टर ऑपरेटरची उत्तरं

प्रश्न : काकाजी, नमस्कार. पुण्याला शिकणारा माझा मुलगा दिवाळीत घरी आला होता. त्यानं आम्हा सगळ्यांना लॅपटॉपवर दिग्दर्शक हिचकॉकचा १९६० सालचा 'सायको' दाखवला. खून कोण करतो हे मी आधीच कुठंतरी वाचलं होतं, त्यामुळं मला काही भीती वाटली नाही. मुलगा म्हणतो, हा जगातल्या मोठ्या सिनेमांपैकी एक आहे. भाचा म्हणतो, आताच्या वेब सिरीजपुढं हे म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक. दोघांचा असा वाद पेटला की ताटं तशीच राहिली. असा जुना, खुन्याचा सिनेमा नेमका कशावर तोलायचा?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, माझी सारी नोकरी शेवट ठाऊक असलेले पिच्चर पाहण्यात गेली. आमच्या तालुक्याच्या टॉकीजात मी १९ वर्षं ऑपरेटर होतो. अमरावतीहून सीपी-बेरार सर्किटची, म्हणजे आपल्या भागात सिनेमे पुरवणाऱ्यांची, रिळांची पेटी एसटीच्या टपावर यायची. ती उतरवून घ्यायची, रिळं हातानं फिरवून तपासायची, तुटलेली जागा पात्यानं खरवडून फिल्म जोडायच्या सिमेंटनं चिकटवायची आणि मग रोज तीन खेळ, रविवारी चार. पिच्चर तीन आठवडे चालला तर साठाच्या वर खेळ व्हायचे. खुनी कोण, हे मला शुक्रवारी पहिल्याच खेळाला कळायचं. त्यानंतरचे सगळे खेळ मी प्रोजेक्टरच्या खोलीच्या खिडकीतून काय पाहत होतो?

काही पिच्चर असे असत की शनिवारपासून मी पडद्याकडं पाठ करून फक्त प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या सांभाळायचो. काही असे, की एखाद्या रिळाची वेळ झाली की हातातला चहा ठेवून खिडकीशी जायचो, रोज, त्याच रिळाला. का जायचो ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पण माझी तोलायची पद्धत तिथूनच आली, आणि तुम्हालाही मी तीच सांगेन. तुम्हाला शेवट आधी कळला म्हणून तुमचं नुकसान झालं असं समजू नका. तुम्ही पहिल्याच वेळी ऑपरेटरच्या जागेवर जाऊन बसलात.

आमच्याकडं रविवारी सकाळी इंग्रजी पिच्चर लागायचे. एका हिवाळ्यात 'सायको' दोन रविवार लागला. प्रिंटवर रेघाच रेघा. बसलेले लोक म्हणजे कॉलेजचे पोट्टे आणि रात्रपाळी करून आलेले जिनिंगचे कामगार, केसांत सरकी-कापूस तसाच. इंग्रजी एकालाही कळत नव्हतं. सुरुवातीला पडद्यावर लिहून येतं, फिनिक्स शहर, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. मेरियन क्रेन नावाची ऑफिसात नोकरी करणारी बाई हॉटेलच्या खोलीत आपल्या माणसाला, सॅमला, भेटते आहे. लग्न करायचं आहे, पण त्याच्या डोक्यावर बापाचं कर्ज आणि सोडलेल्या बायकोची पोटगी. (बापाचं कर्ज म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.) ऑफिसात परतल्यावर मालक तिला ४०,००० डॉलर बँकेत भरायला देतो. पुढच्या प्रसंगात ती आपल्या खोलीत कपडे बदलते आहे, बॅग भरते आहे, आणि पलंगावर ते पाकीट पडलेलं आहे. ती आरशात पाहते, मग पाकिटाकडं. ड्रॉवर उघडते, मग पुन्हा पाकिटाकडं. एक शब्द नाही. जिनिंगच्या त्या माणसांना सगळं कळलं. मी वरून पाहत होतो, कोणी बिडी पेटवायलाही वाकलं नाही.

पुढं ती गाडी घेऊन पळते, पावसात रस्ता चुकते आणि एका मोटेलवर येते. तिथं नॉर्मन बेट्स नावाचा लाजरा, सडपातळ पोरगा आहे. अँथनी पर्किन्सनं ते काम केलंय. सिनेमा अर्धाही झालेला नसतो तेवढ्यात न्हाणीघरात मेरियनचा खून होतो. ज्या बाईचं म्हणून आपण पाहत होतो ती मेली! सगळे त्या न्हाणीच्या प्रसंगाबद्दल बोलतात, आणि तो आहेच तसा. साधारण पाऊण मिनिटाचा, पण तो चित्रित करायला आठवडाभर लागला होता. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. हिचकॉकला तिथं संगीत नकोच होतं. बर्नार्ड हरमन या संगीतकारानं फक्त तंतुवाद्यांवर ते किंचाळणारे सूर बांधले, आणि ते ऐकल्यावर हिचकॉकनं आपलं मत बदललं. हे सगळं तुमच्या मुलानं सांगितलंच असेल.

पण मी खिडकीशी जायचो तो त्याच्या नंतरच्या रिळाला. नॉर्मन येतो (खुनी तोच, मेलेल्या आईच्या वेषात; पण ते सिनेमा शेवटी सांगतो), पाहतो, हादरतो, आणि मग न्हाणी धुतो. बादली, पोछा. टबच्या कडा पुसतो, फरशी पुसतो, हात धुतो. पडद्याचं प्लास्टिक अंथरतो, प्रेत गुंडाळतो, गाडीच्या डिक्कीत ठेवतो. खोलीत मागं वळून एक नजर टाकतो, काही राहिलं का म्हणून. एक वर्तमानपत्र राहिलेलं असतं, तेही उचलून गाडीत फेकतो. त्या पेपरात ४०,००० डॉलर गुंडाळलेले आहेत हे त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. कितीतरी मिनिटं हे चालतं, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. मग तो गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडायला लागते. तो काहीतरी चघळत उभा आहे. अर्धी बुडते आणि थांबते.

तेव्हा खालून, पुढच्या बाकांवरून एक आवाज आला : "बुड ना बे!"

भाऊ, हा आवाज मी विसरलेलो नाही. दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस त्या बाईसाठी जीव मुठीत धरून बसला होता. आता तिचं प्रेत गाडीत आहे आणि तो म्हणतोय, बुड. पुढच्या रविवारी दुसरे लोक होते. गाडी थांबली, आणि पुन्हा तेच, टॉकीजभर सुस्कारे. दोन्ही वेळा गाडी बुडाल्यावर लोकांनी श्वास सोडला. कामसू पोरगा एवढं राबून साफसफाई करतोय, त्याचं काम तडीस जावं असं वाटणारच माणसाला. हिचकॉकनं बादली आणि पोछा दाखवून आपल्याला त्याच्या बाजूला नेऊन उभं केलं. शेवट ठाऊक असला तरी हे घडतं. उलट, शेवट ठाऊक असताना जास्त टोचतं, कारण आपण कोणासाठी सुस्कारा सोडतोय हे आपल्याला पक्कं माहीत असतं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळायला समृद्धी महामार्ग व्हावा लागला. माझ्या साळ्याचा ढाबा शेलूबाजारच्या अलीकडं, जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावर आहे. वीस वर्षं तिथं रात्रभर ट्रक लागायचे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. सिनेमातली तारीखही ११ डिसेंबर, हे मला मागाहून ध्यानात आलं. रस्ता चांगला झाला, नागपूर जवळ आलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण साळ्याच्या अंगणात दोन महिन्यांत गवत उगवलं. तो अजूनही रोज संध्याकाळी सडा मारतो, बाजा टाकतो, रांजण भरतो, पाटीची ट्यूब लावतो. बाजेवरच्या चादरी दर आठवड्याला धुतो, त्यावर कोणी निजलेलं असो की नसो. वळणावर एखाद्या गाडीचा वेग कमी झाला की उठून उभा राहतो. गाडी पुढं निघून गेली की बसतो.

आता नॉर्मनचं मोटेल आठवा. बारा खोल्या, बाराही रिकाम्या. का? तो स्वतःच सांगतो : हायवे दुसरीकडून नेला. तरी तो आठवड्याला चादरी बदलतो, कोणी वापरल्या असोत की नसोत, कारण ओलसर वास त्याला सोसत नाही. मेरियनची गाडी येते तेव्हा तो छत्री घेऊन टेकडीवरच्या घरातून पळत खाली येतो. तिला जेवायला बोलावतो, सँडविच आणि दूध आणतो. भिंतीवर पेंढा भरलेले पक्षी. तो म्हणतो, आपण सगळे आपापल्या सापळ्यात अडकलेलो आहोत, मी तर माझ्या सापळ्यात जन्मलोच. मी हा सिनेमा तेव्हापर्यंत कितीदा पाहिला असेल, पण ह्या खोलीतलं बोलणं मला खुनाच्या आधीची भरती वाटायचं. आता मला वाटतं, सिनेमाचा जीव तिथं आहे.

मागच्या वर्षी मी हा सिनेमा ढाब्यावर बसून साळ्याला मोबाइलवर दाखवला. त्याला काही सांगितलं नव्हतं. इंग्रजी त्याला येत नाही, मी बोलणं सांगत होतो. हायवे दुसरीकडून नेल्याचं वाक्य सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं. जेवणाचा प्रसंग आला तेव्हा म्हणाला, "भाऊजी, याले एकटं काहून ठेवलं सगळ्याईनं?" अजून एकही खून झालेला नव्हता.

म्हणून भाच्याला सांगा, भीती हा ह्या सिनेमाचा एक भाग आहे, आणि तो भाग जुना झालाय, हे त्याचं म्हणणं खरं आहे. खासगी गुप्तहेर आर्बोगास्ट जिन्यावरून मागं पडतो ते आज खोटं दिसतं. हात हवेत हलवतो आणि मागचा जिना वेगळाच सरकतो. पोरानं तिथं हसू केलं असेल तर त्याला रागावू नका. मेरियन गेल्यावर तिची बहीण आणि सॅम शोध घेतात, तो भाग तर मला पहिल्यापासून कोरडा वाटतो. ती दोघं माणसं म्हणून लक्षातच राहत नाहीत, कथा पुढं ढकलायला आणलेली वाटतात. आणि सर्वांत मोठा दोष शेवटी आहे. पोलीस ठाण्यात एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहतो आणि नॉर्मननं हे का केलं ते मास्तरासारखं समजावून सांगतो. त्या माणसाला गप्प बसवावं असं मला दर वेळी वाटतं. त्याच्या लगेच नंतर नॉर्मन घोंगडी पांघरून भिंतीशी बसलेला दिसतो, हातावर माशी बसलेली, तोंडावर आईचं हसू. हा एक शॉट जे सांगतो ते त्या सगळ्या भाषणात नाही.

तरी मुलाच्या बाजूनं निकाल देतो. साधारण आठ लाख डॉलरमध्ये, स्वतःच्या टीव्ही मालिकेचे तंत्रज्ञ घेऊन, हिचकॉकनं काळ्या-पांढऱ्यात केलेला हा सिनेमा. त्यातलं निम्मं अजून जिवंत आहे, आणि ते निम्मं खुनाचं नाही.

प्रश्न : काकाजी, आमच्या बचत गटातल्या चार-पाच जणी मिळून टीव्हीवर सिनेमे पाहतो. माझी तक्रार अशी आहे की खुन्याच्या सिनेमात मरणारी नेहमी बाईच. तीही आंघोळ करताना, झोपेत, नाहीतर एकटी रस्त्यानं जाताना. पाहून रात्री अंगणात जायची भीती वाटते. तुम्ही पुरुष लोक ह्याला कला म्हणता. हे जुने सिनेमे चांगले म्हणायचे तरी कसे?
— एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमची तक्रार मी खाली पडू देणार नाही. हा सिनेमा आला त्यानंतर त्याची नक्कल करणाऱ्यांनी त्यातला चाकू उचलला आणि न्हाणीघर उचललं, बाई तेवढी सोडून दिली. आमच्या टॉकीजात असे पिच्चर मी कितीतरी चालवले. एक पोरगी येते, दोन मिनिटांत मरते, दुसरी येते. तिसऱ्या दिवशी मला त्यांचे चेहरेसुद्धा वेगळे सांगता यायचे नाहीत. हे पिच्चर कितीही घाबरवोत, मी त्यांना चांगलं म्हणणार नाही.

'सायको'त मेरियनला पाऊण तासाच्या आसपास वेळ मिळतो, आणि त्यात ती पूर्ण बाई आहे. चोरी करते, घाबरते, पोलिसाशी खोटं बोलते, गाडी चालवताना आपल्या मागं लोक काय म्हणत असतील याचा विचार करून तोंडातल्या तोंडात हसते. आणि एक बारीक गोष्ट तुम्ही पुढल्या वेळी मुद्दाम पाहा. नॉर्मनशी बोलून ती आपल्या खोलीत येते आणि कागदावर हिशोब मांडते : ४०,००० वजा ७००. गाडी बदलताना तिनं ७०० डॉलर खर्च केलेले असतात, ते भरून कसे काढायचे याचा हिशोब. म्हणजे तिनं परत जायचं ठरवलंय. तो कागद फाडून ती संडासात टाकते आणि मग आंघोळीला जाते. तोंड वर करून अंगावर पाणी घेते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते परत जायचं ठरवलेल्या माणसाचं असतं. आणि तेव्हाच ती मरते. घरचा हिशोब आपण रात्री मांडतो तशी ती आकडेमोड आहे, ताई. त्या कागदाचा एक तुकडा तिथंच चिकटून राहतो आणि पुढं तिच्या बहिणीच्या हाती लागतो. एवढीच तिची साक्ष उरते.

मात्र नॉर्मन भिंतीतल्या भोकातून तिला पाहतो, आणि कॅमेरा आपला डोळा त्या भोकाला लावतो. ह्याची मला अजून लाज वाटते. मी तर आयुष्यभर भिंतीतल्या चौकोनी भोकातूनच पाहत आलो. हिचकॉकला हेच आपल्या ध्यानात आणून द्यायचं होतं, असं जाणकार म्हणतात. असेलही. पण आमच्या टॉकीजात त्या ठिकाणी शिट्ट्या वाजल्या, हे मी ऐकलंय, आणि शिट्ट्या वाजवणाऱ्यांना सिनेमानं तिथं अडवलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला सर्वांत खुपते. शेवटी तो मानसोपचारतज्ज्ञ शेरीफला विचारतो, तुमच्या दप्तरी बेपत्ता माणसांच्या न सुटलेल्या केसेस आहेत का? तो म्हणतो, दोन आहेत. तरुण पोरी? हो. संपलं. पुढचं बोलणं दुसरीकडं वळतं. म्हणजे मेरियनच्या आधी दोन पोरी त्या दलदलीत गेल्या. त्यांची नावं नाहीत, त्यांना शोधत कोणी आलं का ते नाही. अगदी शेवटच्या शॉटमध्ये साखळी लावून मेरियनची गाडी चिखलातून वर ओढतात. मी दर वेळी त्या चिखलात मागं काय राहिलं ते पाहत बसायचो. आपल्याकडं बेपत्ता पोरीची तक्रार लिहून घ्यायला माय-बापाला किती चकरा माराव्या लागतात, ते तुम्ही पाहिलं असेल. मी माझ्या नात्यात पाहिलंय. म्हणून ती दोन वाक्यं मला सहज जाऊ देता येत नाहीत. हा सिनेमा मोठा आहे असं मी वर म्हटलं, ते मागं घेत नाही. पण त्या दोघी त्याच्या हिशोबात उधार आहेत.

गटातल्या बायांना रात्रीची भीती बसत असेल तर हा सिनेमा दुपारी पाहा, आणि एकटीनं नको.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या सुरू आहेत, आता तो शेतात काम करतो, बैलांचं सगळं तोच पाहतो. गावातली पोरं त्याला 'सायको' म्हणून हाका मारतात. तो शब्द ह्या सिनेमातून आला म्हणतात. तुम्ही त्या सिनेमाची तारीफ करता म्हणून राग आला आणि लिहिलं.
— एक वाचक, ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : दादा, राग बरोबर आहे. मी डॉक्टर नाही, म्हणून उत्तर लिहिण्याआधी आमच्या तालुक्याच्या एका डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसं राहणं नव्हे. नॉर्मनला सिनेमात जे झालेलं दाखवलंय ते तुमच्या भावाच्या आजाराशी जुळत नाही. आणि मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कोणावर हात उगारत नाहीत. उलट, मार खाण्याची, फसवलं जाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त येते. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण मीसुद्धा उलटंच समजून चाललो होतो, आणि ती समजूत मला पडद्यावरूनच मिळाली होती.

सिनेमाच्या बाजूनं बोलायचं तर एवढंच, की त्यात नॉर्मनची कणव येते. माझ्या साळ्याला ती आली. त्याच्या मागून आलेल्या किती पिच्चरांत वेडा म्हणजे खुनीच, आणि कणव नावालाही नाही. पण कणव येऊनही गावातल्या पोरांच्या तोंडी तेवढं नावच राहिलं असेल, तर तो डाग ह्या सिनेमावर आहे, आणि तो मी पुसत बसणार नाही. वर मी त्या मानसोपचारतज्ज्ञाच्या भाषणाला दोष म्हटलं, ते ते कंटाळवाणं आहे म्हणून. तुमचं पत्र आल्यावर वाटतं, दोष त्याहून मोठा आहे. आजाराचं नाव घेऊन कोडं सोडवायचं आणि दिवे लावायचे, ही सवय लोकांना तिथून लागली.

त्या पोरांना एक काम सांगा. एक दिवस पहाटे तुमच्या भावाबरोबर बैलं घेऊन जायला सांगा. आणि भावाला किंवा घरच्यांना कधी बोलायची गरज वाटली, तालुक्याला जाणं जमलं नाही, तर १४४१६ ह्या 'टेलिमानस' नंबरवर फोन लावा. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खुनांवरचा 'माफीचा साक्षीदार' तुम्ही दाखवला होता का? तो आणि 'सायको' एकाच तराजूत तोलता येतील का?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : दाखवला होता. आणि नाही, एका तराजूत नको. 'सायको' रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ सालच्या कादंबरीवर आहे. तिला विस्कॉन्सिनमधल्या एका खऱ्या गुन्हेगाराच्या प्रकरणाचा धागा असला तरी मेरियन क्रेन नावाची बाई कधी नव्हतीच. पुण्यात १९७६-७७ मध्ये दहा माणसं खरोखर मारली गेली, आणि चौघांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली. त्या घरांतली माणसं तिकीट काढून टॉकीजात येऊ शकत होती. असा सिनेमा पाहताना मी आधी हे पाहतो, की त्यांच्यातला एखादा माणूस मागच्या रांगेत बसला असता तर त्याला शेवटपर्यंत बसवलं असतं का. नाना पाटेकरांचं काम अंगावर येणारं आहे. पण आमच्याकडं मध्यंतरानंतर बऱ्याच बाया परत आत आल्या नाहीत, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटलं नाही.

प्रश्न : 'सायको' १९९८ मध्ये रंगीत पुन्हा केला म्हणे. आमच्या वाचनालयाच्या पोरांना पडद्यावर दाखवायचा आहे. कोणता दाखवू, आणि कसा?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : जुना दाखवा. १९९८ मध्ये गस व्हॅन सँट यांनी जवळजवळ शॉटला शॉट जुळवून केला, संगीतही तेच घेतलं. तरी तो जमिनीवरून उठत नाही. दोन्ही मागोमाग पाहिले तर शॉट कुठं ठेवला यापलीकडंही काही असतं, ते मोठ्या पोरांना कळेल. पण ते नंतर.

लहान लेकरं आत घेऊ नका. सोळा-सतराच्या वरची चालतील. हिचकॉकनं सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाच आत सोडायचं नाही असा नियम थिएटरवाल्यांना घातला होता. आमच्या जत्रेतल्या टुरिंग टॉकीजात लोक अर्ध्यातून येत आणि तंबूची कनात उचलून अर्ध्यातून जात. ह्या सिनेमाला तसं चालणार नाही. दार लावा, मोबाइल बाहेर ठेवा. मध्यंतर करायचाच असेल तर गाडी बुडाल्यावर करा, न्हाणीच्या प्रसंगानंतर लगेच नको. साफसफाईचा भाग तोडून पाहिला तर सगळं गेलं. पडद्याची चादर ओली करून ताणा, म्हणजे सुरकुती राहणार नाही. स्पीकरचा जाडा आवाज कमी ठेवा, सगळं व्हायोलिनचं काम आहे.

गोष्ट आधी सांगायची असेल तर खुशाल सांगा. आणि गाडी बुडता बुडता थांबेल तेव्हा तुम्ही पडद्याकडं पाहू नका, मागं वळून पोरांची तोंडं पाहा. काय दिसलं ते मला पत्रानं कळवा.